मावशींचे पान कोण लिहिणार?

प्रति,
माननीय विश्वस्त मंडळ आणि स्मरणिका समिती

विषय : मावशींच्या श्रद्धांजलीच्या पानाबाबत

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेत मावशींसाठी एक पान राखून ठेवले आहे, मजकूर दोनशे शब्दांच्या आत असावा आणि सोबत एखादा बरा फोटो पाठवावा, असे आपले पत्र मिळाले. वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनींपैकी कुणीतरी लिहावे म्हणून माझे नाव सुचवले गेले, त्याबद्दल आभार. नमुना म्हणून शोकसभेत संमत झालेला ठराव आपण जोडला आहे, तोही वाचला. मावशी प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, धार्मिक वृत्तीच्या आणि कुटुंबवत्सल होत्या, संस्थेच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली, एवढे त्यातून कळते. त्यांचे नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही आजींचे नाव घातले तरी त्या ठरावात एक काना-मात्रा बदलावी लागणार नाही.

म्हणून दोनशे शब्दांऐवजी हे पत्र लिहिते आहे, आणि ते उघडपणे लिहिते आहे. कारण आपली संस्था यात वेगळी नाही. महाराष्ट्रातले कुठलेही जुने वसतिगृह घ्या, वाचनालय घ्या, बालवाडी घ्या. जे तीस-चाळीस वर्षे टिकले त्याच्या मुळाशी एखादी तरी बाई सापडते, जी विश्वस्त नव्हती, पगारी नव्हती, पण रोज येत होती. ती गेली की हाच ठराव होतो आणि दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. वर्तमानपत्रात तर एवढेही येत नाही. मुलगा नावारूपाला आलेला असेल तर ‘अमुक यांना मातृशोक’. म्हणजे बाईच्या मरणाच्या बातमीतही कर्ता मुलगाच. खाली तिचे वय, वृद्धापकाळाने निधन झाल्याची नोंद, आणि पश्चात किती मुलगे, सुना, नातवंडे आहेत त्याची मोजदाद. ती दिवसभर काय करायची, हे विचारायला कुणी फोन करत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मावशी मनमिळाऊ अजिबात नव्हत्या.

आमच्या वेळी धान्याच्या पोत्यांत खडे निघायचे. एकदा निघतात, दोनदा निघतात, तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मावशींनी पोते तसेच हातगाडीवर घातले आणि स्वतः सोबत चालत दुकानापर्यंत गेल्या. भर बाजारात त्यांनी ते पोते दुकानाच्या ओट्यावर ओतायला लावले. दुकानदार तेव्हाच्या एका विश्वस्तांचा नातलग होता, हे सगळ्या गावाला माहीत होते आणि मावशींनाही. त्या वर्षीच्या इतिवृत्तात पाहा, ‘धान्य पुरवठादार बदलण्यात आला’ अशी एखादी निरुपद्रवी ओळ असेल. ती ओळ कशी उमटली ते तिथे नसणार. त्यानंतर कितीतरी दिवस विश्वस्तांच्या घरच्या बायका मावशींशी बोलत नव्हत्या, आणि मावशींना त्याचे काही विशेष वाटल्याचे दिसले नाही. हा प्रसंग शोकसभेत कुणी सांगितला असता तर सभागृहात जरा चुळबुळ झाली असती. पण मावशी कोण होत्या ते तरी कळले असते.

आता त्यांच्या धार्मिक वृत्तीबद्दल. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादशा, पहाटे हरिपाठ, हे सगळे होतेच. पण एवढ्यावर थांबलो तर त्यांच्यात आणि गल्लीतल्या इतर दहा जणींत फरक तो काय? त्या माळेने त्यांच्याकडून काय काय करून घेतले, ते सांगायला हवे.

गावात एखादी म्हातारी एकटी मरायची, किंवा सरकारी दवाखान्यातून एखाद्या बाईचे प्रेत यायचे आणि घरात फक्त पुरुषमाणसे असायची. बाईला शेवटची अंघोळ बाईनेच घालायची, आणि जवळची बाई नसेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. अशा वेळी मावशींना बोलावणे यायचे. त्यांच्या घरी दारामागे एक पिशवी कायम टांगलेली असे. तिच्यात धुतलेले जुने लुगडे, साबणाची वडी, खोबरेल, कंगवा. कंगवा कशाला, असे मी एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, “केस विंचरल्याशिवाय बाई घराबाहेर पडते का कधी?” आणि कामाला लागल्या.

हे त्यांनी कुणाकुणासाठी केले याची यादी नाही. पण जात विचारून केले नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. सुरुवातीला त्यांच्या घरात यावरून मोठे वाद झाले. सासूबाई कडक सोवळ्याच्या. परजातीच्या प्रेताला हात लावून आलेली सून देवघरात जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. मावशी अंगणातच अंघोळ करायच्या आणि थेट देवापुढे बसायच्या. सासूबाईंनी बोलणे टाकले, त्यांच्या हातचे जेवणे टाकले, शेवटी स्वतःचा वेगळा देव मांडला. पुढे त्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे सगळे करणारी बाई कोण होती, ते वेगळे सांगायला नको. श्रद्धेचा खरा इतिहास असाच असतो, घरातल्या घरात, पाण्याच्या हंड्याभोवती. तो ‘धार्मिक वृत्तीच्या’ या दोन शब्दांत मावत नाही.

मराठीत हे सांगायची परंपरा नाही असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपला ख्रिस्ती धर्माकडे झालेला प्रवास सांगितला आहे. १८९५ मध्ये नवऱ्याने धर्मांतर केले, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या वर्षांतला राग, रडणे, सोवळे घट्ट धरून बसणे, आणि मग जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे हे पटल्यावर कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा केलेला निश्चय, हे सगळे त्यांनी लपवले नाही. उलट स्वतःची टिंगल करत सांगितले. नवऱ्याशी झालेली भांडणेही तितक्याच मोकळेपणाने सांगितली. त्यांच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो तो त्यामुळेच. त्यांच्याविषयी कुणी ‘धर्मपरायण व पतिपरायण’ असा ठराव करून मोकळे झाले असते, तर मराठी वाङ्मयाचे केवढे नुकसान झाले असते!

मावशींचे वैधव्यही ठरावात आले आहे, ‘पतिनिधनानंतर खचून न जाता’ असे. खचल्या की नाही ते मला माहीत नाही, मी तेव्हा शाळकरी होते. पण एक नक्की आठवते. त्याआधी दरवर्षी संक्रांतीचे हळदीकुंकू वसतिगृहात मावशीच करायच्या. त्या वर्षी गावातल्या बायकांनी, अगदी हळुवारपणे, त्यांना सांगितले की यंदा आम्ही बघतो, तुम्ही विश्रांती घ्या. मावशींनी विश्रांती घेतली. पुढच्या संक्रांतीला त्यांनी वाण आणून थेट स्वयंपाकघरात मांडले आणि भांडी घासणाऱ्या बाईपासून सुरुवात केली. सवाष्ण, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, सगळ्या एका रांगेत. भाषण नाही, सुधारणेची घोषणा नाही. दोन वर्षांनी गावातल्या बायका आपण होऊन तिथे येऊ लागल्या, कारण तिथले वाण जास्त चांगले असायचे. (हे कारण मावशींनीच सांगितलेले आहे.) मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. ऐकून त्या म्हणाल्या, “होय का? बरं झालं. आता कागदावरही आलं.”

मावशी संस्थेत आल्या कशा, हेही बहुधा आपल्याला माहीत नसेल, कारण आजच्या मंडळातले कुणीही तेव्हा नव्हते. त्या आल्या मिलोच्या साली. म्हाताऱ्या बायकांना सन विचारून उपयोग नसतो, त्यांचे सन असे असतात : कोयनेचा भूकंप झाला ती थंडी, पानशेत फुटले तो पाऊस, मिलो खाल्ला ते साल. मिलोचे साल म्हणजे १९७२-७३ चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी घशाखाली उतरायची नाही, पण दुसरे काही नव्हते. माणसे खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. वसतिगृहातल्या मुलींना घरून काही येईनासे झाले आणि वसतिगृह बंद करण्याची गोष्ट सुरू झाली. तेव्हा मावशींनी गल्लीतून मुष्टिफंड सुरू केला. प्रत्येक घरी एक डबा, रोज स्वयंपाकाआधी एक मूठ त्यात टाकायची, आठवड्याने डबे गोळा करायचे. दुष्काळात लोकांनी मूठ तरी कुठून काढली असेल, असे वाटते. पण काढली. सगळ्यांनी नाही, बऱ्याच जणींनी. मावशींकडे त्याची वही होती. कोणत्या घरातून किती आले, कोणत्या आठवड्यात आले नाही, आणि का आले नाही. ‘बाळंतीण’, ‘नवरा आजारी’, ‘नाही म्हणाल्या’. चौथी शिकलेल्या बाईचे अक्षर, पण हिशेब चोख.

त्या वहीतला ‘नाही म्हणाल्या’ हा शेरा मला फार मोलाचा वाटतो. देणाऱ्यांची नावे सगळेच ठेवतात.

दुष्काळ सरला, मुष्टिफंड चालू राहिला, मावशीही राहिल्या. पुढे संस्थेला अनुदान मिळाले, इमारत झाली, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या लागल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. इतक्या वर्षांत आपल्या संस्थेने असे कितीतरी अर्ज केले असतील. त्यांतल्या एकाही अर्जावर मावशींचे नाव नाही. त्यांना विश्वस्त करा असे कुणी सुचवले नाही आणि त्यांनीही ते मागितले नाही. मागितले नाही म्हणजे नको होते, असा अर्थ काढून आपण सगळे निश्चिंत राहिलो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. खरे आहे, आणि मोठे आहे. पण त्या १९३० मध्ये गेल्या, आणि तोवर ज्या घरात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत होती, त्या घराचा रोजचा रामरगाडा त्यांनीच ओढला. कुठल्या मुलाला ताप आहे, कोण घरच्या आठवणीने जेवत नाही, उद्याच्या पिठाचे काय, हे रोजचे होते. दागिना एकदाच देता येतो. म्हणून त्याची गोष्ट होते, आणि रोजच्या पिठाची होत नाही. मावशींच्या बाबतीतही शोकसभेत एकच प्रसंग दोघा वक्त्यांनी सांगितला, इमारत निधीला त्यांनी दिलेल्या पाटल्यांचा. पाटल्या दिल्या हे खरेच. पण मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत सोपे काम होते.

आता ‘कुटुंबवत्सल’. हा शब्द लिहिताना लेखनिकाने क्षणभर तरी थांबायला हवे होते. मावशींना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्या मुलाच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात काविळीची साथ आली होती, आणि मावशी घरी कमी अन् आमच्याकडे जास्त होत्या. तो मुलगा ते आजही बोलून दाखवतो. कडवटपणे नाही, पण बोलतो. मुलीच्या बाळंतपणाला त्या उशिरा पोचल्या. दुसरीकडे, थोरल्या सुनेला त्यांनी डी.एड. करायला लावले, तिची दोन्ही मुले सांभाळली, आणि ती शाळेत नोकरीला लागली तेव्हा तिच्या सासरच्या इतरांची तोंडे त्यांनीच बंद केली. म्हणजे एका लेकराला आई कमी मिळाली आणि एका सुनेला जास्त मिळाली. हा हिशेब कसा मांडायचा ते त्यांच्या घरातली माणसे ठरवतील. आपण ‘कुटुंबवत्सल’ म्हणून तो त्यांच्या वतीने मिटवू नये.

मोठ्या कामांच्या घरांतही हेच झाले आहे. साधनाताई आमटे नागपूरच्या जुन्या वळणाच्या घुले घराण्यातल्या. १९४६ मध्ये बाबा आमट्यांशी लग्न झाले, आणि पाच वर्षांच्या आत विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले घेऊन त्या वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरुग्णांच्या शेजारी राहायला गेल्या. कुष्ठरोगाच्या नावानेच माणसे वाट बदलायची, तो हा काळ. त्या आईच्या मनात तेव्हा काय चालले असेल, हे ‘बाबांची सावली’ म्हटल्याने कळत नाही. ९ जुलै २०११ रोजी आनंदवनात त्या गेल्या तेव्हाही सावली हाच शब्द पुष्कळांनी वापरला. सावलीला स्वतःचे अंग नसते, आणि साधनाताईंचे अंग तर त्या माळावर झिजले होते.

बाया कर्वे त्याहून स्पष्ट बोलल्या. देवरुखच्या गोदूबाई जोशी, बालविधवा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ज्या पहिल्या मुली शिकायला आल्या, त्यांतल्या एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह, कर्व्यांच्या गावच्या मुरुडकरांचा बहिष्कार, पुढे हिंगण्याच्या आश्रमाचा पसारा. अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, हातात आलेला पैसा संस्थेच्या वाटेने जायचा आणि घर कसे चालवायचे ही चिंता बायांकडे उरायची. त्यांनी हे मनात ठेवले नाही, ‘माझे पुराण’मध्ये चक्क सांगितले. नवरा महर्षी झाला म्हणून तक्रार गिळली नाही. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले संस्थेसाठी निधी गोळा करायला १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. तोवर त्यांची पन्नाशी जवळ आली होती, इंग्रजीचा पत्ता नव्हता. तिथे लोकांच्या घरची कामे करून त्यांनी दिवस काढले आणि तेही आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले. हे कागदावर आले म्हणून आज या दोघी बहिणी आपल्याला माणसांसारख्या दिसतात, चिडणाऱ्या, धडपडणाऱ्या, हिशेब विचारणाऱ्या. एरवी त्या अण्णांच्या चरित्रातल्या दोन तळटिपा झाल्या असत्या.

आणि कागदावर येऊनही काय निसटते त्याचे उदाहरण रमाबाई रानडे. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले, आजही वाचले जाते, आणि वाचण्यासारखेच आहे. पण जानेवारी १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले, की पुस्तक संपते. रमाबाई त्यानंतर २३ वर्षे जगल्या. १९०८ चे मुंबईचे सेवासदन, १९०९ चे पुण्याचे सेवासदन, त्यातून सुरू झालेले परिचारिकांचे शिक्षण, तुरुंगातल्या स्त्रियांच्या भेटी, स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून केलेली खटपट, हे सगळे त्या २३ वर्षांतले आहे. म्हणजे ज्या काळात त्या स्वतः कर्त्या होत्या, नेमका तोच काळ त्यांच्या आत्मकथनाबाहेर राहिला. लिहिणारी बाई इतकी समर्थ असताना हे झाले. मावशींसारखी चौथी शिकलेली, स्वतःविषयी चार वाक्ये बोलायला लाजणारी बाई आपले काम आपण होऊन लिहून ठेवेल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ते काम मागे राहिलेल्यांचे आहे, आणि पहिल्यांदा संस्थेचे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. दोनशे शब्दांचे पान रद्द करावे. त्याऐवजी आपले दप्तर उघडावे. माळ्यावरच्या पेटीत १९७२ पासूनच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आहेत, निदान माझ्या वेळपर्यंत होत्या. त्यांतल्या कितीतरी पावत्या मावशींच्या हातच्या आहेत, तो तिरपा ‘र’ कुठेही ओळखू येईल. किरकोळ खर्चाची व्हाउचरे पाहा. काविळीच्या साथीत दवाखान्यात कोण मुलींना घेऊन गेले होते, त्याची टांग्याची भाडी त्यांत सापडतील. मुष्टिफंडाची वही त्यांच्या घरी आहे. ती मागून घ्या, सगळी पाने स्कॅन करा, आणि मूळ वही घरच्यांना परत द्या. ‘संस्थेच्या संग्रहासाठी’ म्हणून ठेवून घेऊ नका. संस्थेच्या संग्रहात गेलेल्या वस्तूंचे काय होते ते आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही.

दुसरे, आणि याला घाई आहे. मावशींबरोबर डबे गोळा करणाऱ्या दोघी अजून हयात आहेत, दोघींनीही ऐंशी ओलांडली आहे. एक नीट ऐकू शकत नाही, पण बोलते छान. स्वयंपाकघरातल्या काकूही आहेत. त्यांच्याकडे हार-तुरे घेऊन सत्काराला जाऊ नका, त्या गप्प बसतील. दुपारी, जेवणे आटोपल्यावर, दोघी-तिघींनी जा, मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि साधे प्रश्न विचारा. डबा कुठल्या घरी नाकारला? पहिल्यांदा सही कशावर केली? घरून कोण अडवायचे? मावशींशी तुमचे कधी वाजले का? या शेवटच्या प्रश्नावर त्या सर्वांत जास्त बोलतील, असा माझा अंदाज आहे. रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायचे काम माझ्याकडे. त्यासाठी मानधन नको, पण छापताना कुणी ‘सुसंस्कृत’ करू नये, एवढी अट आहे.

तिसरी गोष्ट पैशाची आहे, म्हणून संकोच न करता लिहिते. स्मरणिकेत मधली आठ रंगीत पाने देणगीदारांच्या फोटोंची आहेत असे कळते. त्यांच्याबद्दल आदर आहेच, त्यांच्या देणगीवर आम्ही शिकलो. पण त्यांतली चार पाने कमी करून मावशींना दिली तर एकही देणगीदार नाराज होणार नाही, आणि झाला तर मावशींची हातगाडी आठवावी. पाने कमी करायची नसतील तर वाढवा. आपल्याच आवारात दर महिन्याला जागेचे भाडे घेऊन समारंभ होतात, म्हणजे चार जास्तीच्या पानांचा छपाईखर्च संस्थेला जड नाही.

राहिला प्रश्न लिहायचे कुणी. मी वसतिगृहातली मुलगी. मला मावशी दिसल्या त्या दिवसाच्या उजेडात, कामाला लागलेल्या. त्या घरी गेल्यावर कशा होत्या, प्रेताला अंघोळ घालून आल्यावर रात्री झोप लागायची का, थोरल्या मुलाचा तो विषय निघाला की गप्प बसायच्या की रागवायच्या, मला माहीत नाही. ते माहीत असलेली एकच व्यक्ती आहे, त्यांची थोरली सून. बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ पुस्तकरूपाला आले ते त्यांच्या सुनेच्या, कावेरी कर्व्यांच्या हातून, हे यानिमित्ताने आपल्या लक्षात आणून देते. वहिनी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्या आहेत, हात लिहिता आहे, आणि शोकसभेत व्यासपीठावर त्यांना खुर्ची दिली गेली होती, पण माइक दिला गेला नव्हता.

त्यांना मी फोन केला होता. आधी म्हणाल्या, मी काय लिहिणार. मग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. लिहायला तयार आहेत, पंधरा दिवसांत देतील. मात्र सासूबाईंचे आणि त्यांचे जे मोठे भांडण झाले होते, ज्यात दोघी सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेही लिहिणार, आणि कोण चुकले होते तेही लिहिणार, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

समितीला चालणार असेल तर वहिनींना थेट कळवावे. पत्ता तोच आहे.

आपली नम्र,
वसतिगृहाची एक माजी विद्यार्थिनी